न खाल्लेली तंबाखू

पोशीरच्या अण्णांच्या आवाजाला माईकची गरज नव्हती, तरी माईक त्यांच्याच हातात असायचा. कर्जत-खालापूर भागात कुठेही कबड्डीचे सामने असले की समालोचनाला अण्णा. चढाईला निघालेल्या पोराचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, सगळं एका दमात. मैदानाच्या कडेला कुणी तंबाखू मळताना दिसला की खेळ सोडून त्याच्यावर घसरायचे. "ए लाल सदरा! ती पुडी आधी फेक, मंग सामना बग!" त्यांनी स्वतः तंबाखूला कधी बोटही लावलं नव्हतं.

अण्णा माझे थोरले काका. रसायनीच्या एका केमिकल कंपनीत त्यांची नोकरी. शिफ्टच्या वेळा आडनिड्या, म्हणून तिथेच खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला गावी यायचे. शेती, घर, पोरं काकीनं सांभाळली. अण्णांचं एक पेटंट वाक्य होतं, "गडी बाद झाला तर चालंल, नाव बाद होता कामा नये." लग्नातल्या भांडणापासून बांधाच्या तंट्यापर्यंत हे वाक्य लागू पडायचं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते गावातून निघाले की माणसं ओट्यावरून उठून उभी राहायची.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या मानेवर, जबड्याच्या खाली, एक गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. मी कर्जतला शाळेत शिकवते. एकदा मी गावी आले असताना मला ती दिसली आणि मी त्यांना बळंच मुंबईच्या दवाखान्यात नेलं. टॉन्सिलमधला तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. म्हणाले, "तुकड्याची आणखी एक तपासणी केली. हा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे झालाय. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो, त्यातही बहुतेक वेळा हाच विषाणू असतो. शरीरसंबंधातून येतो, वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे कुणीच सांगू शकत नाही. तुमचा प्रकार उपचारांना चांगली साथ देतो, घाबरू नका. पण घरच्या बाईंचीही तपासणी करून घ्या."

अण्णा फरशीकडे बघत होते. पुतणीसमोर हे ऐकावं लागलेल्या माणसाचा चेहरा मला बघवला नाही. मी खिडकीकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "घरी यातलं काय बोलायचं नाय. तंबाखूनं झालं म्हनून सांगू."

"अण्णा, तुमचं कुणाला खरं वाटेल?"

"चोरून खायचो म्हनंन."

आणि त्यांनी तसंच सांगितलं. गाव बघायला लोटलं. कबड्डीच्या संघातला एक गडी पायाशी बसून म्हणाला, "अण्णा, तुमीसुदा?" अण्णांनी मान खाली घातली. "हो रं. चुकलं माजं." मोठी लाज झाकायला त्यांनी ही धाकटी लाज चारचौघांत अंगावर घेतली.

शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, उपचार झाले. गाठ गेली, पण आवाज खरवडून निघाल्यासारखा झाला. काकी रोज मऊ भात कालवून द्यायची आणि तंबाखूवरून बोलायची. अण्णा निमूट ऐकायचे. मी त्यांना गाठून विचारलं, "काकीच्या तपासणीचं काय?"

"तिला काय तोंडानं सांगू गं?"

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

एका दुपारी काकी ओटीवर तांदूळ निवडत होती. अण्णा खांबाकडे तोंड करून बसले आणि त्या फाटक्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. काकीचा हात सुपात थांबला. तिनं मला विचारलं, "तुला म्हाईत व्हतं?" मी हो म्हटलं. मग ती अण्णांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "रसायनीला ऱ्हायचात तवा मी कदी इचारलं नाय. आता सांगू बी नका." तिनं सूप बाजूला ठेवलं. "तपासायला कुटं जायाचं?"

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. टेबलावर झोपताना काकीनं पदर तोंडावर ओढला आणि माझा हात असा धरला की बांगडी रुतली. लहानशा ब्रशनं नमुना घ्यायला क्षणभरच लागलं. उठून बसल्यावर तिनं विचारलं, "माजा घसा बी बगा की. आन् यांचं बाकीचं अंग?"

"मावशी, घशात काही झालं नसेल तर तिथली अशी तपासणी नसते. झालं तर तुकडा काढून बघतात. पुरुषांसाठीही अशी सरसकट तपासणी नाही," बाई म्हणाल्या. "बायकांच्या पिशवीच्या तोंडाशी मात्र आधीच शोधता येतं."

काकीच्या नमुन्यात विषाणू निघाला. दुर्बिणीतून बघितलं तर पिशवीच्या तोंडाशी खराब झालेली जागा होती. अजून कॅन्सर नव्हता, पण पुढं झाला असता. तेवढा भाग काढून टाकला. "वेळेत आलात," बाई म्हणाल्या. अण्णा दारातच उभे होते. ते बाहेर जाऊन बाकड्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

घरी आल्यावर आळीतल्या बायका काकीला बघायला आल्या. पिशवीचं काय झालं, असं हळूच विचारू लागल्या. मला वाटलं, काकी काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तिनं सरळ सांगितलं. "यांच्या घशात निघाला त्योच इषाणू माज्यात निघाला. तंबाखू-बिंबाखू काय नाय. तुमी बी जाऊन तपासून या."

एकीनं पदर तोंडाला लावला. अण्णा आतल्या खोलीत होते. ते उठून दारात आले. शर्टाची बटणं वर-खाली लागली होती. "ती सांगते ते खरं हाय," ते म्हणाले. "जा तुमी." आणि चपला न घालताच मागच्या दारानं शेताकडे निघून गेले.

त्या बायकांतल्या काहीजणी काकीबरोबर कर्जतला जाऊन आल्या. अण्णा मात्र आळीतून जायचे बंद झाले. बांधाबांधानं जायचे. समालोचनाची बोलावणी थांबली होती, ओट्यावरून उठणारी माणसं आता बसूनच असायची. दोन वर्षांनी हृदयविकारानं ते गेले. त्याआधी एकदा माझ्याकडे आले होते. चहा निवला तरी प्यायले नव्हते. मी म्हटलं, "अण्णा, झालं ते झालं. आता कशाला लाजता?"

"लाज कुटं जाती गं," ते म्हणाले. "पन ती धरून बसलो अस्तो, तर तुजी काकी गेली अस्ती."