शिरपाचा कुणबी बघायला कोल्हापूरला

आणि परत तेच. नाटकात कुणबी काळाच दाखवायचा असतोय म्हणे. असतोय म्हणजे? ठरवलं कुणी? गेल्या साली ती नाटक कंपनी हुबळीला आली, तेव्हापासून रेल्वे कारखान्यातल्या तुम्हा दोस्तांशी माझं ह्यावरनं वाजतंय. राजाच्या तोंडाला सफेदा, कुणब्याच्या तोंडाला तेलात कालवलेली काजळी, आणि तो नुसता आला तरी लोक हसणार. तुम्ही पण हसलात.

आता माझाच धाकटा भाऊ शिरपा त्या कंपनीत लागला आणि कुणब्याचं काम नेमकं त्यालाच मिळालं. आमच्या वडलांचा, आबांचा निरोप आला, "खेळ कोल्हापुरात हाय, मी बघायला जाणार. काजळी फासून आला तर तितनंच उचलून घरी आणतो." शिरपाला नाटकाशिवाय काही सुचत नाही. औताला जुंपला तर पोरगं वाळून जाईल. मी रजा टाकली.

तुमच्यातल्या कुणाला जायचं असेल तर सांगून ठेवतो. तिसऱ्या वर्गाला सव्वादोन रुपयांच्या आसपास पडतात. खिडकीशी बसू नका, डोळ्यांत कोळसा जातो. घटप्रभेला पेरू चांगले, मिरजेचा चहा नुसता गरम. मिरजेला गाडी बदलायची, आणि रुकडीला पंचगंगेचा पूल आला की गाठोडं आवरायला घ्यायचं.

स्टेशनाबाहेर शाहूपुरी. महाराजांनी पेठ वसवली, आता गुळाच्या गाड्यांत रस्ता सापडत नाही.

"कुठं, पावणं?" टांगेवाल्यानं विचारलं.

"नाटकघराकडं. किती?"

"दोन आणं."

"चालत जातो की."

"जावा. बैलास्नी विचारत जावा."

दोन आणे दिले.

रंगपटात शिरपा आरशासमोर बसला होता. शेजारी राजाचं काम करणारा सफेदा थापत होता. तो मुळात शिरपापेक्षा काळा.

मी म्हणालो, "आबा येणार हायत. काजळी दिसली की न्हेणार तुला."

"ठावं हाय. पर मालक म्हणत्यात, बिनकाजळीचा कुणबी लोकांस्नी वळखू येत न्हाय."

"कोल्हापुरात? निम्मं नाटकघर कुणब्यांनी भरतंय."

शिरपा हसला, पण काजळीची डबी काही हातातनं सोडली नाही.

पिटातलं तिकीट चार आणे, बसायला जमीन. आबा कसबा बावड्याहून चालत आले होते. माझ्याशेजारी बसले.

दुसऱ्या अंकात कुणबी दरबारात पाटाच्या पाण्याची तक्रार घेऊन येतो. शिरपा आला. तोंड धुतलेलं. काजळी नाही, सफेदा नाही. गॅसबत्तीच्या उजेडात आमच्या घरातला माणूस उभा. कुणी हसलं नाही. तिथं हशा ठरलेला असतो, तो झाल्यावरच कुणबी तोंड उघडतो. हशा नाही म्हटल्यावर शिरपा अडला. विंगेतनं मालक हात हलवत होते.

तेवढ्यात मागनं एक म्हातारा बोलला, "दमानं सांग बाबा. राजा कुठं पळून जातोय व्हय?"

सगळं पिट हसलं, पण राजाला. शिरपानं म्हाताऱ्याकडं बघून मान हलवली आणि तक्रार सांगायला लागला. लोक चावडीत ऐकतात तसे ऐकायला लागले. पाट कुणीतरी फोडला म्हटल्यावर एकजण म्हणाला, "नाव घे की त्येचं. भितोस काय?" मग टाळ्या.

पडदा पडल्यावर आबा म्हणाले, "पर पाणी मिळालं का न्हाय?"

"तिसऱ्या अंकात मिळतंय."

"मग बसू की."

मग मीही मांडी घालून बसलो.

खेळ सुटल्यावर मालक शिरपाला म्हणाले, "टाळ्या मिळाल्या, त्या तुझ्या. पण काजळी हा कंपनीचा नियम आहे. आठ आणे दंड."

"देतो."

"सांगलीला लावशील?"

"न्हाय."

"मग तिथंही दर खेळाला आठ आणे."

आबांनी मालकांना रामराम घातला आणि शिरपाला तिथंच ठेवून बावड्याची वाट धरली. दुसऱ्या दिवशी घरी आईनं तांबडा रस्सा केला. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आता परत हुबळीत आहे. घण मारताना तो म्हातारा अजून कानात बोलतो. तुमच्याशी भांडायची खुमखुमी मात्र गेली. जाऊन बघा, एवढंच म्हणतो. सांगलीला सहा खेळ लागलेत. मालक दंड सोडायचे नाहीत, शिरपा काजळी लावायचा नाही, आणि त्याचा पगार मला माहीत आहे. कोल्हापूरचा एक दंड आणि सांगलीचे सहा, सगळे धरून आज शिरपाला मनीऑर्डर केली: साडेतीन रुपये.