पडद्याकडे पाठ करणारा मामा

जगात सिनेमाला जाऊन पडद्याकडे पाठ करणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमचा मामा! नायकाचं लग्न होवो की खून, मामा आपला पुढच्या रांगेत उलटा उभा. कोण मान वाकडी करतंय, कुणाला ऐकू येत नाहीये, हे बघायचा आणि मोठमोठ्यानं हळहळायचा. एकदा नांदेडला लोकांनी आम्हाला थेटरातून चक्क हाकलून दिलं, तर हा बाहेर येऊन म्हणतो, "चौथ्या रांगेतल्या बाईला खांब आडवा येऊन राहिला, अन् चूक माझी व्हय?"

त्याचं मूळ उमरीत होतं. तिथल्या सिनेमाच्या तंबूत आमच्या वस्तीतल्या पोरांना पडद्याच्या मागं बसवायचे. चित्र सगळं उलटं. जगातले यच्चयावत नायक डावखुरे असतात, अशी मामाची कैक वर्षं समजूत होती! माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या अक्कानं, लोकांच्या शेतात खुरपून त्याला शिकवलं. तो आर्किटेक्ट झाला, आफ्रिकेत गेला आणि थेटरांमागून थेटरं उभारत सुटला. घरी फोटो यायचे ते नुसत्या रिकाम्या खुर्च्यांचे. आई वैतागायची, "माणसं कुठं हायत रं ह्यात? नुसत्या खुर्च्या धाडून राहिला ह्यो बाबा!"

पुढं लातूर नवा जिल्हा झाला, एका आडत्यानं तिथं थेटर काढायचं ठरवलं आणि मामा विमान पकडून हजर! आपल्या थेटरात अक्काला बसवायचं, हे एकच खूळ डोक्यात. मी तेव्हा लातुरातच नोकरीला होतो, आई माझ्याकडं. खुर्च्यांचा चढ ठरवायला मामानं आमच्या दारात विटा रचल्या. पुढं शेजारचे पटकेवाले आजोबा, मागं आई. "अक्का, दिसतं का?" "पटका दिसतो." "आणखी दोन विटा!" असं करता करता आई इतकी वर गेली, की तिला उतरवायला दोघं लागले. आडत्या कळवळला, "सायेब, एवढ्या चढात माझ्या चार रांगा जातेत." मामा म्हणाला, "रांगा जाऊ द्या, पटका ऱ्हाऊ द्या!"

पण साल दुष्काळाचं. नळ कोरडे, टँकरवर मारामाऱ्या. आणि बांधकामासाठी खणलेल्या विहिरीला, नशीब बघा, पाणी लागलं! मामा सुटाबुटात चिखलात नाचला. स्लॅब ओतायच्या दिवशी सकाळी पाहतो तर घागरींची ही भली मोठी रांग, आणि वॉचमन कुणाला फिरकू देईना. आडत्या म्हणाला, "स्लॅबला एकवीस दिवस पाणी लागतं, तुम्हीच म्हणले. पाणी वाटलं तर थेटर ऱ्हायलं. मी पत्र्याचं गोदाम बांधतो." त्यात खोटं काहीच नव्हतं.

रांगेत आईही होती. जुन्या सवयीनं काठापासून लांब, कुणीतरी वरून ओतेल म्हणून घागर धरून उभी. उमरीत आमच्या वस्तीला विहिरीवर चढू देत नसत, तिथं तिनं तसंच पाणी घेतलं होतं. मामानं तिच्याकडे पाहिलं. मग वॉचमनला बाजूला सारून तो तिला हाताला धरून काठावर घेऊन गेला, आणि दोर तिच्या हातात दिला.

"अक्का, तू शेंद. पयली तू."

आईनं घागर वर ओढली आणि तिथंच बसून रडली. मलाही आवरलं नाही.

थेटर झालं नाही. मामा आफ्रिकेला परतला आणि काही वर्षांनी तिकडेच वारला. त्याचं एकही थेटर आम्हाला बघायला मिळालं नाही, याची मला अजून हळहळ वाटते. आईला कधी वाटली नाही. भाऊ काय करायचा असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "त्यानं मला इहिरीवर नेलं."