मैनाबाईच्या झाडाखालची गप्प पोरं

अठ्ठावन्न सालानंतर ज्यांनी मैनाबाईला पाहिलं, त्यांना ती पोरांच्या कलकलाटात बसलेलीच आठवते. एक मांडीवर, एक पाठीवर, एक मातीत लोळतंय, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस कानावर हात ठेवतोय. पण त्याआधी किसनराव पाटलांच्या वावरातल्या त्या चिंचेखाली एवढी शांतता असे की खारीचं पळणंही ऐकू यावं.

बोरी अरबपासून दोन कोसांवरचं गाव. मैनाबाई तिथलीच, ठेंगणी, काळीसावळी, जिभेनं तिखट. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारी बाई आसपासच्या चार गावांत नव्हती. मग एका हंगामात ज्वारी कापताना विळा घसरला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. नवरा आधीच गेलेला. वेचणी सुटली तशी ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन बसली आणि चिंचेला झोळ्या बांधून मजुरीच्या बायांची तान्ही पोरं सांभाळू लागली. संध्याकाळी बाया आपापल्या ओटीतला मूठभर कापूस तिच्या पदरात टाकत. त्यावर तिचं भागे.

तिचं नाव मात्र मोठं होतं. "मैनाबाईच्या झाडाखाली पोट्टे रडत नाईत," असं बाया एकमेकींना सांगत. किसनराव तर खूशच होते. पोराचा आवाज आला की आई तास, म्हणजे वेचायची ओळ, सोडून पळते आणि वेचणी राहते, हे त्यांचं रोजचं दुखणं मैनाबाईनं बंद करून टाकलं होतं.

यात जादू काही नव्हती. तिच्या कमरेच्या पिशवीत एक पितळेची डबी असे आणि डबीत अफू. मोहरीएवढा कण नखावर घ्यायचा, आईच्या दुधाच्या थेंबात कालवायचा आणि पोराच्या जिभेला लावायचा. गोळी म्हणत तिला. चोरून काहीच नव्हतं. अफू तेव्हा ठेक्यावर मिळे, आणि मैनाबाईच्या सासूनं तिच्या पोरीला दिली तशीच सासूच्या सासूनंही दिली असणार. आईचं काम होई, मालकाचा कापूस घरात येई, पोर झोपून राही. सगळ्यांचंच भलं होतं. पोराला तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

"माही वेणू तं उभ्या जन्मात रडली नाई," मैनाबाई अभिमानानं सांगे. वेणू तिची एकुलती एक पोर, दीड वर्षाची होऊन गेली. ताप नाही, खोकला नाही. एका सकाळी झोळीतून उचलायला गेली तर पोर उठलीच नाही. देवानं नेली, असं मैनाबाईनं स्वतःला समजावलं होतं, आणि वीस वर्षांत त्यावर फारसा विचार केला नव्हता.

सत्तावन्न साली होळीच्या सुमारास गावातल्या लीलाबाईला पोरगी झाली, नलू. निंदणाच्या दिवसांत चार महिन्यांची नलू चिंचेखाली आली. लीलाबाई वेचायला चपळ, पण काळजाची हळवी. पोर जरा कुरकुरली की तिचे हात थांबत. मैनाबाई तिला म्हणे, "तू जाय वं लिले, तिले म्या घेतलं." आणि खरोखरच घेतलं. नलूचा आवाज पुन्हा तासापर्यंत पोचला नाही.

पण दसऱ्यानंतर नलू दुपारीच जागी होऊ लागली. एक मोहरी पुरेना. मैनाबाईनं दोन केल्या, मग तीन. संक्रांत आली तेव्हा चार झाल्या होत्या. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्या झाडाखाली पोर रडलं असतं तर तिचं काय राहिलं असतं? धुऱ्यावर बसलेली, दोन बोटं नसलेली एक म्हातारी, एवढंच. म्हणून लीलाबाईनं विचारलं की ती सांगे, "मोहरीएवढीच देतो."

नलूनं मान उशिरा धरली. दहा महिने झाले तरी पालथी पडली नव्हती, मग बसणं आणि रांगणं तर दूरच. "गरीब गुणाची पोर हाये," लीलाबाईची सासू म्हणे, आणि तेच सगळ्यांना पटे.

त्याच सुमारास बंजाऱ्यांच्या तांड्यावरची सुखीबाई वेचणीला आली. तिचा प्रेमसिंग नलूहून पंधरा दिवसांनी धाकटा. पहिल्याच दिवशी तिनं मैनाबाईला बजावलं, "माह्या छोऱ्याले गोळी नोको देऊ. तीन पोरी गेल्यावर हा देल्ला देवानं. तो वरडते तं मले तासातून ऐकू येते. तो गप झाला की मले धडकी भरते."

"मंग बस त्याचं वरडणं ऐकत," मैनाबाई फणकारली. आणि प्रेमसिंग ओरडलाच. भूक लागली की ओरडे, ओलं झालं की ओरडे, मुंगळा हातून सुटला तरी ओरडे. आठवड्यात त्यानं मैनाबाईचं डोकं उठवलं. माती खाल्ली, झोळीची दोरी चघळली आणि चिंचेच्या बुंध्याला धरून उभा राहिला. मैनाबाई त्याला शिव्या देत होती आणि डोळा त्याच्यावरून काढत नव्हती.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी तो रांगत गोधडीवरच्या नलूपाशी गेला. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि ओढले. चांगले ओढले.

नलू रडली नाही. तिनं डोळेही मिटले नाहीत.

मैनाबाईनं प्रेमसिंगची मूठ सोडवली. नलूच्या कानामागे कातडी लाल झाली होती. मैनाबाईनं डबीचं झाकण काढून नलूच्या तोंडासमोर वाजवलं. डोळे उघडे होते, पण ते झाकणाकडे वळेनात. तिनं नलूच्या तळहातात आपलं बोट ठेवलं. बोटं मिटली नाहीत. तेवढ्यात प्रेमसिंगनं झाकण हिसकावलं आणि दगडावर आपटत खिदळू लागला. दहा महिन्यांची दोन पोरं एका गोधडीवर होती, आणि त्यांच्यातलं अंतर मैनाबाईला पहिल्यांदा दिसलं. त्या दुपारी तिनं भाकरीचं फडकं सोडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं नलूला गोळी दिली नाही. सांगितलंही नाही कुणाला. गुपचूप चुकली होती, गुपचूपच निस्तरू, असं तिच्या मनात होतं.

पण दुसऱ्या दिवसाचा तिसरा होईतो पोरीनं रूप पालटलं. अंग थरथरू लागलं, नाक वाहू लागलं, पोटात काही ठरेना. ती रडत नव्हती, किंचाळत होती, आणि किंचाळता किंचाळता काळीनिळी पडत होती. लीलाबाई तासातून धावत आली. ओटी सुटून कापूस वाटभर सांडला.

"मावशी, काय झालं इले?"

मागून आलेल्या बाया एका सुरात म्हणाल्या, "गोळी दे न तिले! काहून तरफडवून राह्यली?"

मैनाबाईचा हात पिशवीकडे गेला आणि तिथंच राहिला. द्यावी तर पोर पुन्हा दगड होणार. न द्यावी तर डोळ्यांदेखत जाणार. "कालपासून देल्ली नाई," ती एवढंच बोलली.

"काहून?" लीलाबाईनं विचारलं.

सुखीबाईच तेवढी भानावर होती. "आज बोरीचा बाजार हाये. दवाखान्यात नर्सबाई येऊन बसली असन. रेंगी जुंपा!"

किसनराव कुरकुरले, आभाळ भरून आलंय आणि कापूस झाडावर आहे म्हणाले, पण पोरीचं तोंड पाहिल्यावर त्यांनी स्वतःच बैल जुंपले. दोन कोस लीलाबाई पोरीला छातीशी धरून बसली होती. मैनाबाई समोर, डबी मुठीत घट्ट. नलू मधेच गप्प होई, आणि ती गप्प झाली की मैनाबाईच्या छातीत धस्स होई. वीस दिवसांपूर्वी हेच सुखीबाई बोलली होती आणि हिनं तिला वेड्यात काढलं होतं.

नर्सबाई परगावची, चष्म्यातून रोखून पाहणारी. तिनं पोरीच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "अफू देता?"

"देतो जी," मैनाबाई म्हणाली.

"किती?"

"मोहरीएवढी."

तोंडात बसलेलंच ते उत्तर, आपसूक बाहेर पडलं. नर्सबाईचा चेहरा जरा सैल झाला. "मग बंद केलीत ते चांगलं केलंत. एवढीशीच असेल तर एकदोन दिवस त्रास होईल आणि सुटेल. आता पुन्हा देऊ नका. पाणी पाजत राहा. घेऊन जा."

लीलाबाई पोरीला सावरून उठली. दारापर्यंत गेली. मैनाबाई जागची हलली नाही. आता बोललं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, चिंचेखालची बसायची जागाही नाही. न बोललं तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. नलूही देवानंच नेली असती.

"बाई," ती म्हणाली आणि खाली जमिनीवरच बसली. "मोहरी नाई. चार मोहऱ्या. सकाळी येक डाव अन् दुपारी येक डाव."

लीलाबाई दारातून वळली. "मले तं येकच सांगत होती तू."

"खोटं सांगत होतो."

नर्सबाई खुर्ची सरकवून उठली. "आता बोललात ते बरं झालं. एवढी अफू एकदम तोडली की पोर हातची जाते. चाराच्या तीन करा, पुढच्या बाजारी दोन, मग एक, मग अर्धी. दर बाजारी मला आणून दाखवायची." तिनं लीलाबाईकडे पाहिलं. "माप जमेल तुला?"

लीलाबाईला कसं जमणार? ते माप फक्त मैनाबाईच्या नखाला ठाऊक होतं. ज्या हातानं पोरीची ही गत केली त्याच हाताकडून पोर परत घ्यायची होती. लीलाबाई रडली, शिव्या दिल्या, आणि शेवटी म्हणाली, "दे. पन माह्या डोयासमोर."

चार आठवडे तसंच चाललं. लीलाबाई सकाळ-दुपार तास सोडून येई, मैनाबाईच्या नखाकडे टक लावून बघे आणि एक शब्द न बोलता परत जाई. मैनाबाईनं बाकीच्या पोरांचीही गोळी कमी करत आणली. झाडाखाली रडारड सुरू झाली. दोन बाया पोरं घेऊन दुसऱ्या वावरात गेल्या. किसनराव रोज येऊन कपाळाला हात लावत. नलू सुकून काटकुळी झाली होती. ती जगेल की नाही हे मैनाबाई रोज सकाळी झोळीत वाकून पाही.

होळीला चार दिवस होते. शेवटची अर्धी मोहरी देऊन आठवडा झाला होता. मैनाबाईनं डबी राखेनं घासली, आत तुरीचे दाणे टाकले, झाकण दोऱ्यानं आवळलं आणि प्रेमसिंगसमोर वाजवली.

नलूची मान वळली.

मैनाबाईनं डबी डावीकडे नेली. डोळे मागोमाग गेले. उजवीकडे आणली, तिकडेही आले. मग एक हात उठला, चुकला, पुन्हा उठला आणि त्याची बोटं डबीवर मिटली. मैनाबाईनं डबी जराशी मागं ओढली. नलूनं तिच्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. दुखण्याचं नव्हे, माझी वस्तू घेतली म्हणून रागाचं.

तासात बायांच्या पाठी सरळ झाल्या. लीलाबाई धावत आली. "काहून रडून राह्यली?" पाच आठवड्यांत ती मैनाबाईशी पहिल्यांदा बोलत होती.

"डबी पायजे तिले."

"मंग दे न!"

"देतो," मैनाबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "थोडी रडू दे, लिले. मले ऐकू दे. माही वेणू उभ्या जन्मात रडली नाई."