दुपारनंतर उमलणारी पेटारी

वनस्पतिशास्त्राच्या त्या सरांचा मला आजही संताप येतो. सत्तरच्या दशकात मी कॉलेजात होते, सुट्टीत औंढ्याकडच्या माळावर बापासोबत शेळ्या राखायचे. प्रॅक्टिकलला सरांनी पाण्याच्या बाटलीत एका रानझुडपाची मिटल्या कळ्यांची फांदी ठेवली. मी ओळखून ‘पेटारी’ लिहिलं. त्यांनी त्यावर लाल रेघ मारून ‘रानभेंडी’ लिहिलं.

“सर, रानभेंडी सकाळी फुलती. ही दुपारनंतर, आमी शेळ्या माघारी वळवतो तवा. जरा थांबून बघा.”

“शेळ्या राखणारीनं मला शिकवू नये!”

मी हट्टानं तिथंच बसून राहिले. तीनच्या सुमारास त्याच बाटलीत पिवळं फूल उमललं. सरांनी फुलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं अन् फांदी उचलून खिडकीबाहेर भिरकावली. लाल रेघ तशीच राहिली.