आंबट फळ, तीन अक्षरी

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर शब्दकोड्यातला एक प्रश्न टाकला: आंबट फळ, तीन अक्षरी. लगेच उत्तर आलं, 'आवळा, काका.' सोबत अंगठा. संपलं!

अहो, उत्तर मलाही येत होतं.

ऐंशी सालच्या सुमारास नाशिक रोडला आम्ही चौघं मित्र दर रविवारी टपरीवर बसून स्पर्धेचं कोडं सोडवायचो. त्यातला निफाडचा मोरे कुठलंही फळ विचारलं की 'द्राक्ष' म्हणायचा.

'अरे, दोनच अक्षरं होतात!'

'होऊ दे. फळ हाय ना?'

चहा गार व्हायचा, भांडण नाही. बक्षीस कधीच लागलं नाही.

आता चौघांत मी एकटाच उरलोय.

ग्रुपवर एवढी हुशार माणसं आहात. कोणीतरी एकदा 'द्राक्ष' म्हणून माझ्याशी भांडाल का?