प्राचीचं गाणं प्राचीच गाणार

मित्रांनो, आज दुपारी डोंबिवलीत मी भांडून आलो, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

तिथली कॉलेजची मुलं एक संगीत नाटक बसवतायत. गोष्ट आहे नाट्य आणि संगीत शिकवणाऱ्या शाळेतल्या विद्यार्थ्यांची. मला बोलावलं होतं मुलांचे उच्चार तपासायला.

नाटकातल्या त्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून परीक्षकांसमोर गाणाऱ्या मुलीचं काम आंबिवलीची प्राची करतेय. आगरी घरातली पोर. तिने सूर लावला आणि मी चुका टिपायचं विसरलो.

दिग्दर्शक मात्र म्हणाले, "सर, आवाज छानच आहे, पण आगरी बोली डोकावते. प्रयोगात ठाण्याच्या एका मुलीचं रेकॉर्डिंग लावू. ही नुसते ओठ हलवेल."

प्राची खाली बघत म्हणाली, "मंग मना उभी तरी कशाला करता?"

मी उठलो. "बरोबर विचारतेय ती. आवाज दुसरीचा असेल, तर तुमच्या नाटकातल्या शाळेने प्रवेश द्यायचा कुणाला?"

"अहो, पण लोक हसतील."

"हसू देत. हिचा एकही उच्चार मी बदलणार नाही. हवं तर दुसरा माणूस बघा."

शेवटी दिग्दर्शक चिडूनच म्हणाले, "ठीक आहे, गाऊ दे तिला."

रविवारी प्रयोग आहे. नक्की या. आणि तिचं गाणं ऐकून हसू आलंच, तर आधी स्वतःला विचारा: आपल्या घरची बोली आपण चारचौघांत शेवटची कधी बोललो?