दाबून धरलेली जखम

नामांतराच्या दंगलीत दलित वस्तीतलं गयाबाई नर्सचं घर जळालं, तरी तिनं गंगाखेडजवळचं ते गाव सोडलं न्हाई. पुढच्या हंगामात ऊसतोडीवर देखरेख करताना जमीनदार दिनकररावांच्या मांडीत कोयता घुसला. लालभडक चिळकांड्या उडाल्या. बोलावणं येताच गयाबाई धावली आणि तिनं स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबली.

"शिवू नगंस मला!" दिनकरराव ओरडले.

"शिव्या द्या, पण हलू नगा."

कापड भिजलं. त्यांचा भाऊ ते काढून बघायला निघाला.

"काढलं तर मरतील!" म्हणत तिनं वरून दुसरी घडी दाबली आणि जीप दवाखान्यात पोचेपर्यंत हात उचलला न्हाई.

दिनकरराव वाचले. गावात परतल्यावर भाऊ गोमूत्र शिंपडून जीप धुऊ लागला.

"रगत धुवायलाव, का माझा इटाळ?" गयाबाईनं विचारलं.

तो धूतच राहिला.